स्टॉक कार शर्यतींचा ओसरता लोकाश्रय : नॅस्करच्या अर्थरचनेची चिकित्सा

प्रस्तावना :

व्यावसायिक क्रीडाप्रकाराची लोकप्रियता घटली की त्याचे उत्पन्न घटते, असे आपण सहज गृहीत धरतो. अमेरिकेतील स्टॉक कार शर्यतींचा गेल्या दोन दशकांचा इतिहास या गृहीतकाला छेद देणारा आहे. तेथे प्रेक्षक घटले, प्रायोजक दुरावले, विजेते संघ बंद पडले. परंतु दूरचित्रवाणीच्या प्रक्षेपण हक्कांतून मिळणारी रक्कम मात्र प्रत्येक करारागणिक वाढत गेली. ही विसंगती समजून घेतल्याशिवाय या क्रीडाप्रकाराच्या ऱ्हासाची कारणमीमांसा पूर्ण होऊ शकत नाही. आपल्याकडे हा खेळ फारसा परिचित नाही. तथापि लोकांच्या प्रेमावर उभा राहिलेला खेळ मोजक्यांच्या मालकीचा झाला म्हणजे काय घडते, हा प्रश्न समाजशास्त्र, वाणिज्य व संस्कृती-अभ्यास या तिन्ही विद्याशाखांच्या कक्षेत येतो. प्रस्तुत लेखात नॅस्कर या नियामक संस्थेच्या अर्थरचनेची चिकित्सा करण्याचा प्रयत्न केला आहे.

पार्श्वभूमी :

'स्टॉक कार' म्हणजे मुळात विक्रेत्याच्या दुकानात सर्वसामान्य ग्राहकाला मिळणारी मोटार. आज शर्यतीतील मोटारीचे तिच्याशी साम्य केवळ बाह्यरूपापुरते उरले असले, तरी 'माझ्या घरासमोर उभी असलेली गाडीच तेथे धावते आहे' ही भावना या खेळाच्या लोकप्रियतेचा पाया होती. दक्षिणेकडील डोंगराळ भागात बेकायदा दारूची वाहतूक करणाऱ्या चालकांनी पोलिसांना चुकवण्यासाठी वेगवान मोटारी तयार केल्या आणि त्यांच्या आपापसातील चढाओढीतूनही या शर्यतींना खतपाणी मिळाले. डिसेंबर १९४७ मध्ये डेटोना बीच येथील स्ट्रीमलाइन हॉटेलात बिल फ्रान्स यांनी बोलावलेल्या बैठकीतून नॅस्करची कल्पना साकारली व फेब्रुवारी १९४८ मध्ये संस्था रीतसर अस्तित्वात आली. ही संस्था खेळाडूंची संघटना नव्हती, सहकारी मंडळही नव्हते. ती एका कुटुंबाच्या मालकीची खाजगी कंपनी होती. पुढील विवेचनाच्या दृष्टीने ही बाब महत्त्वाची आहे.

सिगारेटच्या जाहिरातींवर अमेरिकेतील नभोवाणी व दूरचित्रवाणीवर बंदी आल्यानंतर, १९७१ पासून, विन्स्टन या सिगारेट ब्रँडने आपला पैसा या शर्यतींकडे वळवला व प्रमुख मालिका २००३ पर्यंत 'विन्स्टन कप' म्हणून ओळखली गेली. १९७९ ची डेटोना ५०० ही शर्यत आरंभापासून अखेरपर्यंत राष्ट्रीय वाहिनीवर थेट दाखवली गेली. त्या दिवशी हिमवादळामुळे पूर्व अमेरिकेतील असंख्य लोक घरात अडकले होते. शेवटच्या फेरीत आघाडीच्या दोन मोटारी एकमेकींवर आदळल्या, रिचर्ड पेटी विजयी झाले आणि अपघातग्रस्त चालकांची हातघाई साऱ्या देशाने पाहिली. प्रादेशिक खेळाला राष्ट्रीय ओळख मिळण्याच्या प्रक्रियेत हा दिवस मैलाचा दगड ठरला.

ओहोटीचे स्वरूप :

भरतीचा कळस साधारणपणे २००५-०६ च्या सुमारास आढळतो. २००६ ची डेटोना ५०० सरासरी १ कोटी ९४ लाख प्रेक्षकांनी दूरचित्रवाणीवर पाहिली. २०२५ मध्ये हीच संख्या सुमारे ६८ लाखांवर आली होती. त्या वर्षी पावसाचा व्यत्यय आला होता हे मान्य केले तरी घसरणीची दिशा स्पष्ट आहे. प्रत्यक्ष मैदानावरील चित्रही वेगळे नाही. डेटोनाच्या ट्रॅकवर सुमारे ४० कोटी डॉलर खर्चून २०१६ मध्ये नूतनीकरण पूर्ण झाले, तेव्हा दीड लाखाच्या घरातील आसनसंख्या १ लाख १ हजार ५०० पर्यंत कमी करण्यात आली. अन्य अनेक ट्रॅकवर प्रेक्षागारांचे भाग पाडण्यात आले अथवा झाकण्यात आले. इंडियानापोलिस येथे १९९४ च्या पहिल्या ब्रिकयार्ड ४०० शर्यतीला अडीच लाखांच्या आसपास लोक लोटले होते. पुढे तेथील मोकळी बाके हाच वृत्तपत्रांचा विषय झाला. २०१३ पासून नॅस्करने प्रेक्षकसंख्येचे अंदाज प्रसिद्ध करणेच थांबवले. आकडे अनुकूल असताना मिरवायचे व प्रतिकूल होताच मिटून घ्यायचे, ही वृत्ती येथे प्रथम दृष्टीस पडते.

प्रचलित स्पष्टीकरणे व त्यांच्या मर्यादा :

या घसरणीची काही कारणे नेहमी सांगितली जातात. पहिले कारण आर्थिक मंदीचे. २००८ नंतर सामान्य प्रेक्षकाची क्रयशक्ती घटली. २००९ मध्ये जनरल मोटर्स व क्रायस्लर या कंपन्यांना दिवाळखोरीच्या न्यायालयीन प्रक्रियेतून जावे लागले. दुसरे कारण लोकप्रिय चालकांच्या निवृत्तीचे. २००१ च्या डेटोना ५०० मध्ये शेवटच्या फेरीत डेल अर्नहार्ट यांचा मृत्यू झाला. पुढे २०१५ ते २०२० या काळात जेफ गॉर्डन, टोनी स्टुअर्ट, डेल अर्नहार्ट ज्युनियर व जिमी जॉन्सन यांनी पूर्णवेळ शर्यती सोडल्या. तिसरे कारण नियमांच्या सततच्या बदलाचे. वर्षभराच्या गुणांवर ठरणारे विजेतेपद २००४ मध्ये अखेरच्या दहा शर्यतींशी जोडले गेले, २०१४ मध्ये बाद फेऱ्या आल्या, २०१७ मध्ये प्रत्येक शर्यतीचे टप्पे पाडण्यात आले.

ही कारणे असत्य नाहीत; परंतु अपुरी आहेत. मंदी ओसरल्यानंतर प्रेक्षक परतला नाही. थोर खेळाडू प्रत्येक खेळातून निवृत्त होतात आणि नवे पुढे येतात. नियमबदल हे तर कारणापेक्षा लक्षणच अधिक आहे, कारण प्रेक्षक निसटतो आहे या भीतीपोटीच ते होत राहिले. चुकीच्या दिशेने वीस वर्षे चालत राहणे एखाद्या संस्थेला कशामुळे परवडते, हा खरा प्रश्न आहे.

स्थानाशी असलेले नाते :

उत्तर कॅरोलिनातील नॉर्थ विल्क्सबरो हा नॅस्करच्या आरंभकाळापासूनचा ट्रॅक. तो दोन व्यावसायिकांनी निम्मा-निम्मा विकत घेतला, तो तेथे शर्यती भरवण्यासाठी नव्हे, तर त्याच्या वाट्याच्या दोन तारखा टेक्सास व न्यू हॅम्पशायर येथील आपापल्या ट्रॅककडे नेण्यासाठी. १९९६ च्या सप्टेंबरात तेथील अखेरची शर्यत झाली व ट्रॅक गवतात बुडाला. रॉकिंगहॅम येथील कप मालिकेची शर्यत २००४ नंतर बंद झाली. दक्षिण कॅरोलिनातील डार्लिंग्टन येथे १९५० पासून श्रमदिनाच्या सुट्टीत होणारी 'सदर्न ५००' ही तर या खेळाची जत्राच होती. २००४ मध्ये ती सुट्टीची तारीख कॅलिफोर्नियातील फॉन्टाना येथे हलवण्यात आली.

या निर्णयांमागे तर्क होता. लॉस एंजेलिसजवळचा मोठा ग्राहकवर्ग प्रायोजकांना हवा होता. परंतु जत्रेची तारीख हलवली म्हणून जत्रा हलत नाही. डार्लिंग्टनचा प्रेक्षक फॉन्टानाला गेला नाही आणि फॉन्टानाचा प्रेक्षक पुरेशा संख्येने तयार झाला नाही. श्रमदिनाची शर्यत तेथून आधी अटलांटाला गेली व २०१५ मध्ये डार्लिंग्टनला परतली. फॉन्टानाच्या दोन मैलांच्या ट्रॅकवर २०२३ मध्ये शेवटची शर्यत झाली. खेळाविषयीची आत्मीयता ही स्थावर मालमत्तेसारखी असते. तिचे हस्तांतर कागदावर होते, मनात होत नाही, हा या घटनाक्रमाचा धडा होय.

अर्थरचनेतील मूलभूत दोष :

आता मूळ प्रश्नाकडे वळू. २००७ ते २०१४ या आठ वर्षांचा प्रक्षेपण करार सुमारे ४४८ कोटी डॉलरचा होता, म्हणजे वर्षाला ५६ कोटी. २०१५ ते २०२४ चा करार सुमारे ८२० कोटींचा, म्हणजे वर्षाला ८२ कोटी. २०२५ ते २०३१ चा करार सुमारे ७७० कोटींचा, म्हणजे वर्षाला ११० कोटी. आणि दुय्यम मालिकेचे हक्क त्यातून वेगळे काढल्यानंतरची ही रक्कम आहे. प्रेक्षक घटत असताना ही वाढ झाली, कारण केबल वाहिन्यांना व पुढे ऑनलाइन मंचांना थेट प्रक्षेपणाची निकड होती. मालिका नंतर केव्हाही पाहता येते. शर्यत मात्र त्याच क्षणी पाहावी लागते.

या रकमेची वाटणी दीर्घकाळ अशी होती : ६५ टक्के ट्रॅकमालकांना, २५ टक्के संघांना व १० टक्के नॅस्करला. वरवर पाहता नियामक संस्थेने स्वतःकडे सर्वांत कमी वाटा ठेवला असे वाटते. परंतु बहुसंख्य ट्रॅक दोनच कंपन्यांकडे होते आणि त्यांपैकी इंटरनॅशनल स्पीडवे कॉर्पोरेशन ही फ्रान्स कुटुंबाच्याच नियंत्रणाखाली होती. या कंपनीचे तिकीटविक्रीचे उत्पन्न २००७ नंतरच्या दशकात जवळजवळ निम्म्यावर आले, तरी प्रक्षेपणाच्या वाढत्या रकमेने ती तूट झाकली. २०१९ मध्ये नॅस्करने सुमारे २०० कोटी डॉलरच्या व्यवहारात ही कंपनी आपल्यात विलीन करून घेतली. त्याच वर्षी दुसरी कंपनी, स्पीडवे मोटरस्पोर्ट्स, हीदेखील शेअर बाजारातून बाहेर पडली. परिणामी या व्यवसायाचे हिशेब सर्वांना दिसण्याची जी एक खिडकी होती, तीही बंद झाली.

संघांची अवस्था याच्या उलट होती. त्यांच्या उत्पन्नाचा मोठा हिस्सा मोटारीवर नाव रंगवणाऱ्या प्रायोजकाकडून येत असे आणि प्रायोजक पैसे मोजतो ते प्रेक्षकांच्या संख्येकडे पाहून. होम डेपोने २०१४ नंतर, टार्गेटने २०१७ नंतर आणि जिमी जॉन्सन यांच्या सातही विजेतेपदांत साथ देणाऱ्या लोव्ज कंपनीने २०१८ नंतर हात आखडला. फर्निचर रो रेसिंग या संघाने २०१७ चे विजेतेपद मिळवले आणि एक प्रमुख प्रायोजक निघून गेल्यानंतर २०१८ च्या हंगामाअखेर तो संघ बंद पडला. अव्वल ठरलेला संघ वर्षभरात मिटतो, ही घटना कोणत्याही व्यवसायाच्या प्रकृतीविषयी पुरेसे सांगून जाते. दोन विजेतेपदे मिळवलेला स्टुअर्ट-हास संघही २०२४ अखेर विसर्जित झाला.

येथे दोषाचे स्थान निश्चित करता येते. प्रेक्षक घटल्याचा फटका संघांना तत्काळ बसत होता. वेळापत्रक, नियम व ट्रॅक ठरवणाऱ्यांना मात्र तो जाणवत नव्हता. निर्णय एकाचा आणि तोटा दुसऱ्याचा, अशी ही रचना होती. ज्याला वेदनाच होत नाही, त्याला जखम दिसण्याचे कारण उरत नाही.

२०१६ मध्ये ३६ मोटारींना 'चार्टर', म्हणजे प्रत्येक शर्यतीत सहभागाचा हमीदार हक्क, देण्यात आला. परंतु तो मुदतीचा होता. फर्निचर रोचा चार्टर २०१८ मध्ये सुमारे ६० लाख डॉलरना विकला गेल्याचे वृत्त होते. २०२३ मध्ये दुसऱ्या एका चार्टरसाठी सुमारे ४ कोटी डॉलर मोजले गेले. हक्काचे मूल्य वाढत होते, पण तो हक्क कायमचा नव्हता. याच मुद्द्यावर मायकेल जॉर्डन व डेनी हॅमलिन यांच्या मालकीचा ट्वेंटी-थ्री इलेव्हन आणि फ्रंट रो मोटरस्पोर्ट्स या दोन संघांनी ऑक्टोबर २०२४ मध्ये मक्तेदारीविरोधी कायद्यान्वये नॅस्करविरुद्ध दावा दाखल केला. डिसेंबर २०२५ मध्ये सुनावणी चालू असतानाच तडजोड झाली व चार्टर कायमस्वरूपी करण्याचे मान्य झाले.

परंपरेची दुसरी बाजू :

मुळांकडे परतणे हाच उपाय, असे अनेक भाष्यकार सुचवतात. या भूमिकेचा विचार सावधपणे करावा लागतो. वेंडेल स्कॉट या कृष्णवर्णीय चालकाने १ डिसेंबर १९६३ रोजी जॅक्सनव्हिल येथे शर्यत जिंकली, तेव्हा विजयचिन्ह दुसऱ्याच्या हाती देण्यात आले. मोजणीतील चूक मान्य झाली ती प्रेक्षक घरी गेल्यावर. स्कॉट १९९० मध्ये निवर्तले आणि नॅस्करने त्यांच्या कुटुंबाला विजयचिन्ह दिले ते २०२१ मध्ये. त्याच वर्षी बुब्बा वॉलेस या मालिकेत जिंकणारे दुसरे कृष्णवर्णीय चालक ठरले. मधली ५८ वर्षे रिकामी आहेत. गुलामगिरीच्या समर्थक राज्यांच्या ध्वजावर ट्रॅकच्या परिसरात बंदी आली ती जून २०२० मध्ये. तेव्हा ज्या आपलेपणाचा लोप झाला म्हणून हळहळ व्यक्त होते, तो आपलेपणा सर्वांच्या वाट्याला कधीच आला नव्हता, हे नोंदवणे आवश्यक आहे. बंदीमुळे प्रेक्षक दुरावला असे म्हणणाऱ्यांनी घसरण त्यापूर्वी दशकभर चालू होती हेही ध्यानात घ्यावे.

समारोप :

गेल्या काही वर्षांत दुरुस्तीच्या खुणा दिसतात. उत्तर कॅरोलिना राज्याच्या सार्वजनिक निधीच्या साहाय्याने नॉर्थ विल्क्सबरोचा जीर्णोद्धार झाला, २०२३ मध्ये तेथे ऑल-स्टार शर्यत भरली आणि २०२६ च्या वेळापत्रकात गुणांची शर्यतही देण्यात आली. २०२६ साठी बाद फेऱ्यांची पद्धत सोडून दहा शर्यतींच्या जुन्या 'चेस' पद्धतीकडे परतण्याचा निर्णय झाला. म्हणजे तीस वर्षांपूर्वी टाकलेले गाव आणि बारा वर्षांपूर्वी टाकलेला नियम, दोन्ही परत आले. खाजगी नफ्यासाठी ओसाड केलेला ट्रॅक सार्वजनिक पैशाने उभा राहावा, यातील विरोधाभास मात्र दृष्टीआड करता येत नाही.

कोणत्याही लोकप्रिय खेळाचे दोन मालक असतात. एक कागदोपत्री, दुसरा बाकावर बसलेला. पहिल्याचे उत्पन्न दुसऱ्याच्या उपस्थितीपासून तोडले गेले की संस्था धनवान राहूनही खेळ दरिद्री होऊ शकतो. नॅस्करच्या उदाहरणातून प्राप्त होणारा हा निष्कर्ष आहे. कायमस्वरूपी चार्टरमुळे संघांना न्याय मिळण्याची वाट मोकळी झाली. बाकावरच्या मालकाला मात्र अद्याप कोणताही चार्टर मिळालेला नाही.