थोर चित्रपट कोणता?

आमच्या धर्मग्रामातील काही चित्रपटप्रेमी मंडळी महिन्यातून एका रविवारी सायंकाळी चर्चच्या सभागृहात जमतात. त्यांत महाविद्यालयीन तरुण आहेत, निवृत्त शिक्षक आहेत, बँकेतील नोकरदार आहेत, दोन-चार गृहिणीही आहेत. एखादा चित्रपट पाहावा आणि मग त्यावर चार शब्द बोलावेत, असा मूळ बेत होता. हळूहळू बोलणेच वाढत गेले. गेल्या पावसाळ्यात कुणीतरी सुचवले की, आपण सर्वांनी मिळून जगातील दहा थोर चित्रपटांची यादी करावी. सूचना निरुपद्रवी वाटली. प्रत्यक्षात तीन बैठका झाल्या, आवाज चढले, दोघांत अबोला झाला आणि यादीत एकही नाव ठरले नाही.

या वादाचा मी केवळ साक्षीदार नव्हतो. त्यात माझ्याकडून एक चूक घडली. ती चूक आणि तिच्यातून जे उमगले ते वाचकांपुढे ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

पहिल्याच बैठकीत तीन पक्ष पडले. एका तरुणाने 'शोले'चे नाव घेतले. पन्नास वर्षे लोटली तरी ज्याचे संवाद माणसांच्या तोंडी आहेत, त्याला थोर म्हणायला कुणाची परवानगी हवी, असा त्याचा सवाल होता. निवृत्त मुख्याध्यापकांनी आचार्य अत्रे यांचा 'श्यामची आई' पुढे केला. राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळवणारा तो पहिला चित्रपट. आणि जो चित्रपट पाहून मुलगा घरी येतो व आईला पाणी आणून देतो, तोच थोर, असे त्यांचे म्हणणे. तिसरा पक्ष चित्रपटतंत्राचा अभ्यास करणाऱ्या एका विद्यार्थ्याचा. त्याने ऑर्सन वेल्सचा 'सिटिझन केन' (१९४१) मांडला. पंचविशीतील दिग्दर्शकाने कथेची कालरेषा मोडली, छायालेखक ग्रेग टोलंड याने जवळचे आणि दूरचे दोन्ही एकाच चौकटीत स्पष्ट दाखवले, आणि प्रेक्षकाला कुठे पाहायचे हे स्वतः ठरवण्याची मोकळीक दिली, हे त्याने तळमळीने समजावून सांगितले.

म्हणजे एकाचे माप लोकांचे प्रेम, दुसऱ्याचे माप संस्कार, तिसऱ्याचे माप रचना. तिन्ही मापे खरी आहेत आणि तिन्ही अपुरी आहेत. लोकांचे प्रेम पुष्कळदा सुमार चित्रपटांनाही लाभते. संस्काराच्या हेतूने काढलेले कितीतरी चित्रपट प्रवचनाहूनही कंटाळवाणे निघाले आहेत. हे मी प्रवचनकार म्हणून सांगतो! आणि निव्वळ रचनेचे कौतुक करताना, ती रचना कशासाठी, हा प्रश्न मागे राहतो.

जाणकारांना तरी हे कोडे सुटले आहे काय? ब्रिटनमधील 'साइट अँड साउंड' हे नियतकालिक १९५२ पासून दर दहा वर्षांनी समीक्षकांचा कौल घेते. पहिल्या कौलात व्हित्तोरिओ दे सिका यांचा 'बायसिकल थीव्हज' (१९४८) अग्रस्थानी होता. १९६२ पासून २००२ पर्यंतच्या पाचही कौलांत 'सिटिझन केन'ने ते स्थान राखले. २०१२ मध्ये हिचकॉक यांच्या 'व्हर्टिगो'ने (१९५८) त्याला मागे टाकले. २०२२ मध्ये सोळाशेहून अधिक जणांनी मत दिले आणि शांताल आकेरमान या बेल्जियन दिग्दर्शिकेचा १९७५ चा 'झान डिलमान' पहिला आला. स्त्रीने दिग्दर्शित केलेला चित्रपट त्या स्थानी येण्याची ही पहिलीच वेळ.

त्यावर जगभर वादळ उठले. पॉल श्रेडर यांच्यासारख्या नामवंत दिग्दर्शकाने, चित्रपट आपल्या आवडीचा असला तरी त्याचे असे एकाएकी अग्रस्थानी येणे कौलाची विश्वासार्हता घालवते, असा आक्षेप घेतला. मतदार बदलले म्हणून निकाल बदलला, हा आक्षेपाचा गाभा. तो खराच आहे. परंतु पूर्वीच्या निकालांनाही मतदारच होते, आणि ते संख्येने फार थोडे होते. शिवाय या कौलाची रीत पाहावी. प्रत्येकाने दहा नावे द्यायची. ज्या नावाला अधिक मते ते वर. २०१२ मध्ये ८४६ जणांपैकी १९१ जणांनी 'व्हर्टिगो'चे नाव लिहिले. म्हणजे जगातला सर्वश्रेष्ठ ठरलेला चित्रपट तीन चतुर्थांशांहून अधिक जाणकारांच्या पहिल्या दहांतसुद्धा नव्हता! हे ऐकून आमच्या अबोला धरलेल्या दोघांनाही हसू आले.

अशा याद्यांचा मोह आपल्या चर्चलाही झाला होता. १९९५ साली, चित्रपटकलेच्या शताब्दीनिमित्त, व्हॅटिकनच्या सामाजिक संपर्कविषयक मंडळाने पंचेचाळीस उल्लेखनीय चित्रपटांची यादी प्रसिद्ध केली. मी तेव्हा सेमिनरीत शिकत होतो. ती यादी मी वहीत उतरवून घेतल्याचे आठवते. धर्म, मूल्ये आणि कला असे तीन विभाग, प्रत्येकात पंधरा चित्रपट. तिचा मोठेपणा असा की, चित्रपटकर्त्याची श्रद्धा तिने तपासली नाही. निरीश्वरवादी बुन्युएल यांचा 'नाझारीन' आणि मार्क्सवादी पासोलिनी यांचा मत्तयाच्या शुभवर्तमानावरील चित्रपट, दोन्ही 'धर्म' विभागात सन्मानाने आले. याच चर्चमधील एका कार्डिनलांनी १९५१ साली न्यूयॉर्कमध्ये रोसेलिनी यांच्या 'द मिरॅकल'चा जाहीर निषेध केला होता. त्याच रोसेलिनी यांचे दोन चित्रपट या यादीत आहेत. मापे बदलतात, ती कधी नम्रतेनेही बदलतात, एवढे त्यावरून दिसते.

पण त्या यादीतला एक दोष मला पुष्कळ उशिरा जाणवला. 'बायसिकल थीव्हज' तिच्यात मूल्यांच्या विभागात आहे, 'सिटिझन केन' कलेच्या. जणू एकात कला कमी आणि दुसऱ्यात मूल्य कमी! शिवाय आपल्या देशाच्या वाट्याला आला तो ॲटनबरो या इंग्रज दिग्दर्शकाचा 'गांधी'; सत्यजित राय यांचा एकही चित्रपट नाही. कला आणि मूल्य यांची अशी फाळणी मनात घेऊनच मी सेमिनरीतून बाहेर पडलो, आणि माझ्या चुकीचे मूळ तिथेच असावे.

दुसऱ्या बैठकीआधी मी 'झान डिलमान' पाहिला. पाहिला म्हणजे तीन रात्री, झोपण्यापूर्वी तासभर, असा तुकड्यातुकड्यांनी. चित्रपट तीन तास एकवीस मिनिटांचा आहे. ब्रुसेल्समधील एक विधवा, तिचा किशोरवयीन मुलगा आणि तिच्या आयुष्यातले तीन दिवस. ती बटाटे सोलते, मुलाचे बूट पुसते, पलंग आवरते, खोलीतून बाहेर पडताना दर वेळी दिवा मालवते. दुपारी एक पुरुष येतो, जातो. त्याने दिलेले पैसे ती जेवणाच्या टेबलावरील सूपच्या भांड्यात ठेवते. कॅमेरा हलत नाही. दुसऱ्या दिवशी बटाटे जास्त शिजतात आणि तिची घडी विस्कटू लागते. तिसऱ्या दिवशी तिच्या हातून एका पुरुषाची हत्या होते.

बैठकीत मी माझा अभिप्राय दिला. "तीन तास भांडी घासणे पाहायचे असेल तर स्वयंपाकघरात जावे, चित्रपटगृहात कशाला?" असे काहीसे मी म्हणालो. सगळे हसले. धर्मगुरूच्या विनोदाला लोक जरा उदारपणेच हसतात.

एक भगिनी मात्र हसल्या नाहीत. त्यांचे पती ऐन तारुण्यात गेले; डबे करून त्यांनी दोन मुलांना शिकवले. बैठक संपल्यावर खुर्च्या आवरताना त्या मला म्हणाल्या, "फादर, मीही तो पाहिला. मला आवडला नाही. पण तुम्ही हसलात, तेही आवडलं नाही."

त्या अधिक काही बोलल्या नाहीत. मी मात्र रात्रभर त्या दोन वाक्यांचा विचार करीत होतो. चित्रपट त्यांना आवडला नव्हता, तरी त्याची थट्टा त्यांना लागली होती. म्हणजे त्या चित्रपटात त्यांच्या ओळखीचे काहीतरी होते आणि मी त्यालाच हसलो होतो. पुढच्या आठवड्यात एक दुपार मोकळी ठेवली आणि चित्रपट पुन्हा, या वेळी एका बैठकीत, पाहिला. पहिल्या तासाला चुळबुळ झाली. नंतर केव्हातरी लक्षात आले की, त्या बाईने बटणासाठी केलेली शोधाशोध मी श्वास रोखून पाहत आहे. कॉफीची चव बिघडली तर मला भीती वाटते आहे. शेवटी ती अंधारात टेबलाशी नुसती बसून राहते, कितीतरी मिनिटे, आणि मला उठवले नाही. तुकड्यांनी पाहताना हे घडणे शक्यच नव्हते. तिथे लांबी हाच आशय होता आणि मी तो कापून टाकला होता.

मग मी 'बायसिकल थीव्हज'कडे नव्याने वळलो. ही कथा बहुतेकांना ठाऊक असते. युद्धोत्तर रोममध्ये एका बेकार माणसाला भिंतीवर जाहिराती चिकटवण्याचे काम मिळते, त्यासाठी सायकल लागते, घरातील चादरी गहाण टाकून ती सोडवली जाते, आणि पहिल्याच दिवशी चोरीला जाते. तो आणि त्याचा लहानगा मुलगा ती शोधत शहरभर हिंडतात. नायकाची भूमिका करणारा लाम्बेर्तो माज्जोरानी स्वतः कारखान्यातील कामगार होता. १९५२ च्या प्रारंभी मुंबईतील पहिल्या आंतरराष्ट्रीय महोत्सवात हा चित्रपट दाखवला गेला आणि बिमल रॉय यांच्या 'दो बिघा जमीन'ला (१९५३) त्याची प्रेरणा लाभली.

या चित्रपटात एक छोटे दृश्य आहे. पाऊस कोसळतो, बापलेक भिंतीच्या आडोशाला उभे राहतात, तेवढ्यात सेमिनरीतील विद्यार्थ्यांचा एक घोळका धावत येऊन त्यांच्याच शेजारी दाटीवाटीने उभा राहतो आणि परकीय भाषेत आपापसांत बडबडू लागतो. पाऊस थांबतो, सगळे पांगतात. शेजारच्या माणसाचे सर्वस्व गेले आहे, याची त्या तरुणांना वार्ताही नसते. सेमिनरीत असताना हे दृश्य पाहून आम्ही मनमुराद हसलो होतो. पडद्यावर आपलेच झगे दिसले म्हणून! पुढे चर्चमधील प्रसंगात गरिबांना दाढी करून मिस्साला बसवणारी श्रीमंत मंडळी दिसतात, तेव्हा मात्र आम्ही नाराज झालो होतो. दे सिका कुणावर रागावलेले नव्हते. त्यांनी फक्त कॅमेरा असा ठेवला की, एकाच चौकटीत दुःख आणि त्याच्या शेजारी उभे असलेले अज्ञान दोन्ही दिसावेत. हे मूल्य म्हणावे की कला? कॅमेरा दुसरीकडे असता तर ते मूल्य उरलेच नसते.

'श्वास' (२००४) हा आपला मराठी चित्रपटही याच कसोटीला उतरतो. नातवाचे डोळे शस्त्रक्रियेत जाणार आहेत आणि आजोबा त्याला रुग्णालयातून बाहेर नेऊन जग दाखवतात. त्यात खलनायक नाही, उपदेशही नाही. आजोबा पाहायला शिकवतात आणि प्रेक्षकही नातवाबरोबर शिकतो.

म्हणून मला असे वाटू लागले आहे की, आवडणे आणि थोर असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. आवडण्यावर आपला हक्क आहे. तिथे वाद नको. थोरपण मात्र आपल्याकडून काही मागते. ज्या माणसाकडे आपण एरवी पाहिले नसते त्याच्याकडे जो चित्रपट आपल्याला पाहायला लावतो, आणि हे केवळ सांगून नव्हे तर आपल्या घडणीतूनच साधतो, तो थोर. हे माप सर्वांना पटेल असे नाही. संथपणा म्हणजे खोली नव्हे, हे मीही मानतो. रिकाम्या चित्रपटांचे संथपण मी पुष्कळ सोसले आहे. चित्रपटाने लोकांना तीन तास आनंद द्यावा, ही अपेक्षाही क्षुद्र नाही. पण 'मला कंटाळा आला' हे आपल्याविषयीचे विधान आहे, चित्रपटाविषयीचे नव्हे, एवढे तरी समीक्षकाने ध्यानात ठेवावे.

तिसऱ्या बैठकीत मी सर्वांसमोर माझा शेरा मागे घेतला. यादी तेव्हाही झाली नाही. निघताना त्या भगिनींना मी विचारले, "तुमचा आवडता चित्रपट तुम्ही सांगितलाच नाही."

"'शोले'," त्या म्हणाल्या. तो तरुण विजयी मुद्रेने पाहू लागला. त्या पुढे म्हणाल्या, "मारामारी मला नको असते. ती विधवा सून संध्याकाळी एकेक दिवा मालवत जाते ना, तेवढ्यासाठी मी बसते."

'शोले' आणि 'झान डिलमान' एकाच वर्षीचे, १९७५ चे, चित्रपट आहेत. या दोहोंची तुलना करावी असे त्या दिवसापर्यंत माझ्या मनात कधी आले नव्हते.