रक्त ओळखणारं दार

‘गॅटाका’ सुरू होतो तो पडद्यावर काहीतरी कोसळण्यानं. निळसर प्रकाशात अर्धगोल आकाराचे प्रचंड तुकडे धाडकन खाली आदळतात, मग दोरखंडाएवढे जाड केस, मग पांढरा भुगा. एक माणूस नखं कापतोय, दाढी करतोय, कातडी खरवडून काढतोय, हे जरा उशिरानं ध्यानात येतं. आपण रोज मोरीत सोडून देतो तो ऐवज दिग्दर्शक अँड्र्यू निकोल एवढा मोठा करून दाखवतो, कारण पुढच्या पावणेदोन तासांत याच कचऱ्याला जबानी द्यायची आहे.

१९९७चा हा चित्रपट. जन्माआधीच जनुकं निवडून घेतलेली माणसं वरच्या जागांवर, आणि ‘देवाच्या भरवशावर’ जन्मलेली झाडू मारायला, असा त्याचा काळ. व्हिन्सेंट (ईथन हॉक) दुसऱ्या गटातला. जन्मल्याबरोबर टाचेतून काढलेल्या रक्ताच्या थेंबानं त्याचं आयुष्य सांगून टाकलेलं असतं: हृदयविकार, आणि तिशीच्या आसपास मरण. त्याला मात्र अंतराळात जायचं आहे. म्हणून तो जेरोम (ज्यूड लॉ) या उत्तम जनुकांच्या, पण पांगळ्या झालेल्या जलतरणपटूची ओळख भाड्यानं घेतो.

गॅटाका या अंतराळसंस्थेच्या दारात ओळखपत्र लागत नाही. बोट टेकवायचं, सुई टोचते, हिरवा दिवा लागतो. व्हिन्सेंटच्या बोटावर नकली कातडी असते आणि तिच्याखाली जेरोमच्या रक्ताची इवलीशी पिशवी. सुई पिशवीत जाते. पण मला दारापेक्षा दाराआधीची तयारी जास्त भिडते. पहाटे अंग घासायचं, निघालेला भुगा भट्टीत जाळायचा, मांडीला जेरोमच्या लघवीची पिशवी बांधायची. कचेरीत कीबोर्डमधून स्वतःची धूळ ओढून घ्यायची आणि तिथे जेरोमची भुरभुरायची. खणातल्या कंगव्यात केसही त्याचेच अडकवून ठेवायचे. हे सोवळंच आहे, फक्त उलटं. इथे जगाचा विटाळ आपल्याला होऊ नये म्हणून नव्हे, तर आपला स्पर्श जगाला लागू नये म्हणून माणूस अंग घासतो. आणि हा व्हिन्सेंट पूर्वी याच इमारतीत सफाई कामगार होता! तेव्हा दुसऱ्यांची धूळ काढायचा, आता स्वतःची. बढती मिळाली, पण हातचं काम सुटलं नाही. निकोल हे कुणाच्या तोंडून वदवून घेत नाही, हे फार बरं करतो.

एवढ्या बंदोबस्तातून पापणीचा एक केस निसटतो. नेमका एका खुनाच्या जागेजवळ पोलिसांच्या हाती लागतो आणि जुन्या नोंदींतला सफाई कामगार संशयित ठरतो. (गळून पडलेल्या केसाला मूळ धड नसेल तर त्यातून पुरेसा डीएनए मिळणं अवघड असतं; पण चित्रपटाला एवढी सूट देऊन टाकावी.) इथे निकोलनं खरी मेख मारली आहे. संशयिताचा जुना फोटो कचेरीभर झळकतो आणि व्हिन्सेंट त्याच्यासमोरून रोज ये-जा करतो. कुणी ओळखत नाही. रक्त सांगतं हा जेरोम, म्हणजे हा जेरोमच. दार इतकं हुशार झालंय की चेहरा बघायची सवयच लोकांची मोडली आहे.

दुसऱ्याच्या रक्ताआड स्वतःला लपवणं हे अगदीच काल्पनिक नाही. इंग्लंडमध्ये लेस्टर विद्यापीठाच्या अॅलेक जेफ्रीज यांनी १९८४ मध्ये डीएनए ठशांचं तंत्र शोधलं. पुढे त्याच भागातल्या दोन मुलींच्या खुनांच्या तपासात पोलिसांनी गावोगावच्या हजारो पुरुषांचे नमुने घेतले. खुन्यानं आपल्या जागी एका सहकाऱ्याला रक्त द्यायला पाठवलं, पासपोर्टवर त्याचा फोटो चिकटवून. नमुना अर्थातच जुळला नाही. पुढे १९८७ मध्ये खुनी सापडला तो त्या सहकाऱ्यानं पबमध्ये केलेली बडबड कुणीतरी ऐकली म्हणून.

चित्रपटात प्रेमही याच चाळणीतून जातं. नमुने तपासून देणाऱ्या खिडकीपाशी एक मुलगी ओठांवरून बोळा फिरवून घेते. नुकतंच कुणाचं तरी चुंबन घेतलेलं असतं, त्याची प्रत बघायची असते. व्हिन्सेंटची सहकारी आयरीन (उमा थर्मन) त्याच्या कंगव्यातला केस तिथे देते. पुढे ती स्वतःचा एक केस उपटून त्याच्यापुढे धरते, घे आणि तपासून बघ म्हणून. तो केस वाऱ्यावर सोडून देतो आणि वाऱ्यानं नेला म्हणतो. नंतर तो आपला केस देतो, तेव्हा तीही तेच करते. एकही लाडिक शब्द न वापरता लिहिलेला हा प्रणय मला फार आवडतो.

खुनाचं कथानक मात्र मला बेतलेलं वाटतं. तपास करणारा अधिकारी व्हिन्सेंटचाच भाऊ निघावा, हा योगायोग जरा जास्तच सोयीचा आहे. खुनी सापडतो तोही झटपट, मृताच्या डोळ्यात उडालेल्या थुंकीवरून. डीएनएच्या पिळासारख्या गोल जिन्यावरून जेरोम हातांच्या जोरावर स्वतःला वर ओढतो, त्या एका प्रसंगात या सगळ्या तपासापेक्षा जास्त ताण आहे.

शेवटी उड्डाणाच्या दिवशी अचानक लघवी तपासायचं ठरतं आणि व्हिन्सेंटकडे पिशवी नसते. डॉक्टर लमार पूर्वीपासून त्याचे नमुने घेत आलेला. आपल्या मुलाबद्दल तो बोलू लागतो: मुलगा व्हिन्सेंटचा चाहता आहे, आणि जनुकं निवडूनही सांगितलं होतं तसा काही तो निघालेला नाही. पडद्यावर व्हिन्सेंटचा खरा चेहरा आणि ‘अपात्र’ असा शेरा उमटतो. मग लमार सांगतो की उजव्या हाताचा माणूस लघवी करताना डावा हात वापरत नाही, पुढच्या वेळी लक्षात ठेव. म्हणजे हा जेरोम नव्हे, हे त्याला कधीचंच ठाऊक होतं. अख्ख्या चित्रपटात यंत्राकडे न बघता माणसाकडे बघणारा, आणि बघून गप्प राहिलेला, एवढाच एक कर्मचारी. तो एक कळ दाबून शेरा बदलतो आणि व्हिन्सेंटला घाई करायला सांगतो, यान सुटेल म्हणून.