धुळ्याच्या तुरुंगातील 'गीता प्रवचने'

निराशेच्या काळी धीर देणारे वाङ्मय कसे असावे, हे पाहू इच्छिणाऱ्यांनी विनोबांची 'गीता प्रवचने' पुन्हा वाचावीत. सन १९३२ साली सत्याग्रहाची चळवळ सरकार चिरडीत असता, धुळ्याच्या तुरुंगात २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत दर रविवारी एक, अशी ही १८ प्रवचने झाली. अमळनेरची शिक्षकाची नोकरी सोडून चळवळीत पडलेल्या साने गुरुजींनी ती उतरून घेतली. दृष्टांत क्वचित लांबतात, हे खरे. परंतु कर्मात मन ओतले की त्याचे ओझे उरत नाही, हा चौथ्या-पाचव्या अध्यायांवरील विचार चक्कीपुढे बसणाऱ्या कैद्यांना कोरे तत्त्वज्ञान वाटला नसेल. उद्याच्या सुटकेची गोड स्वप्ने न दाखविता आजचेच काम त्यांच्या हाती नव्याने देणारा हा वक्ता स्वतःही कैदीच होता.