‘उर्वरित’ जगाचे संगीत : ग्रॅमी विजेत्यांच्या यादीचे एक वाचन

ग्रॅमी पुरस्कारांच्या बातमीत एखादे भारतीय नाव असले की आपल्या वृत्तपत्रांतला मथळा ठरलेला असतो : भारतीय अभिजात संगीताला जागतिक मान्यता. ४ फेब्रुवारी २०२४ रोजी लॉस एंजेलिसमध्ये ‘शक्ती’ या वाद्यवृंदाच्या ‘धिस मोमेंट’ला पुरस्कार मिळाला. झाकीर हुसेन यांना त्या एका दिवसात तीन आणि बासरीवादक राकेश चौरसिया यांना दोन पुरस्कार मिळाले, तेव्हा हा मथळा पुन्हा एकदा सर्वत्र झळकला. आपल्याकडे आनंद अधिक झाला, कारण ही माणसे मुंबईची. झाकीरभाई माहीमला वाढलेले. ‘शक्ती’चे गायक शंकर महादेवन चेंबूरचे आणि श्रीनिवास खळे यांच्याकडे शिकलेले. या आनंदाबद्दल माझी तक्रार नाही. मात्र ‘अभिजात संगीताला मान्यता’ हे विधान विजेत्यांच्या यादीशी ताडून पाहिले पाहिजे, असे मला वाटते. मी ही यादी १९६८पासून पुढे वाचत गेलो आणि त्या वाचनातून जे हाती आले ते येथे मांडतो आहे.

१

ग्रॅमी हा अमेरिकन ध्वनिमुद्रण व्यवसायाचा पुरस्कार आहे. हा व्यवसाय करणाऱ्यांनी १९५७मध्ये आपली संस्था स्थापली आणि ४ मे १९५९ला पहिले पुरस्कार दिले. पुरस्कार मिळतो तो ध्वनिमुद्रिकेला. कलावंताच्या एकूण साधनेसाठी ही संस्था वेगळा जीवनगौरव देते. प्रवेशिका आधी पाठवावी लागते, ती एखाद्या विभागात बसावी लागते आणि मग सभासद मत देतात. ज्या ध्वनिमुद्रिकेसाठी विभागच नाही, ती कितीही थोर असली तरी स्पर्धेत उतरू शकत नाही. म्हणून विजेत्यांची नावे वाचण्याआधी विभागांची नावे वाचावीत. व्यवसायाला त्या काळात काय ऐकू येत होते, हे त्यांतून कळते.

२०२४मध्ये असे ९४ विभाग होते. दूरचित्रवाणीवर रात्री जो झगमगाट दिसतो त्यात यांतले मोजकेच दिले जातात. बाकीचे दुपारच्या वेगळ्या कार्यक्रमात उरकतात. ‘शक्ती’चा पुरस्कारही दुपारचाच. यात अपमान काही नाही. पाश्चात्त्य अभिजात संगीताचे आणि जॅझचे बहुतेक पुरस्कारही दुपारीच दिले जातात. पण ‘जगाच्या व्यासपीठावर’ वगैरे लिहिताना ही दुपार लक्षात असलेली बरी.

२

पहिला भारतीय विजेता १९६८चा. पंडित रविशंकर आणि व्हायोलिनवादक यहुदी मेनुहिन यांच्या ‘वेस्ट मीट्स ईस्ट’ला त्या वर्षी जो पुरस्कार मिळाला, त्याचा विभाग होता ‘चेंबर म्युझिक’, म्हणजे मोजक्या वादकांनी छोट्या दालनात, जाणत्या श्रोत्यांसमोर सादर करायचे युरोपीय अभिजात संगीत. या विभागात एरवी स्ट्रिंग क्वार्टेट यायची. तिथे सतार आणि तबला गेले.

ध्वनिमुद्रिका पाहिली तर त्यामागचे कारण दिसते. एका बाजूला मेनुहिन बंधुभगिनींनी वाजवलेला एनेस्कूचा सोनाटा आहे. दुसऱ्या बाजूला रविशंकरांचा पूरिया कल्याण, गुणकलीवर आधारलेली ‘प्रभाती’ आणि तिलंगावर बेतलेली ‘स्वरकाकली’. मेनुहिन यांनी रागातले जे वाजवले ते रविशंकरांनी आधी बांधून दिलेले होते. जुगलबंदीची अनिश्चितता त्यात नाही, आणि आपल्या कानाला तो भाग थोडा शिकवलेला वाटतो. तरीही मला हा निर्णय महत्त्वाचा वाटतो. ‘चेंबर म्युझिक’ हे नाव संगीत कोठून आले हे सांगत नाही. किती माणसे, कोणत्या जागी, कशा प्रकारच्या ऐकण्यासाठी वाजवत आहेत, हे सांगते. आपली खासगी बैठकही याच वर्णनात बसते. मेनुहिन यांच्या नावामुळेच हा दरवाजा उघडला हे मान्य करूनही म्हणावे लागते, की रागसंगीत त्या वर्षी अभिजात संगीताच्या पंगतीला बसले होते.

१९७३चा पुरस्कार वेगळ्या जातीचा. १ ऑगस्ट १९७१ला न्यूयॉर्कमध्ये झालेल्या बांगलादेशासाठीच्या मैफलीचा संच त्या वर्षीचा सर्वोत्तम अल्बम ठरला आणि जॉर्ज हॅरिसन यांच्याबरोबर रविशंकरही मानकरी झाले. हा मान एका ऐतिहासिक प्रसंगाचा होता. त्याची संगीतसमीक्षा येथे करण्याचे प्रयोजन नाही.

३

याच दशकात ‘शक्ती’चा जन्म झाला. जॉन मॅक्लॉफ्लिन, झाकीर हुसेन, व्हायोलिनवादक एल. शंकर आणि घटमवादक विक्कू विनायकराम यांच्या ध्वनिमुद्रिका १९७६-७७मध्ये आल्या. पहिली होती प्रत्यक्ष कार्यक्रमाचीच. ते संगीत जॅझ नव्हते, पॉप नव्हते, आणि चेंबर म्युझिक म्हणावे तर कर्मठांची हरकत होती. ग्रॅमीच्या यादीत त्यांना त्या काळी पुरस्कार नाही. त्या संगीताला नाव असलेला विभागच नव्हता.

तो विभाग आला १९९२मध्ये : ‘वर्ल्ड म्युझिक’. नावाचा इतिहास दुकानदारीचा आहे. १९८७च्या उन्हाळ्यात लंडनमधल्या एका पबात छोट्या ध्वनिमुद्रण कंपन्यांची मंडळी जमली. त्यांच्याकडे माली, बल्गेरिया, पाकिस्तान असे कुठकुठले संगीत होते आणि दुकानात ते कोणत्या फळीवर ठेवायचे हे ठरत नव्हते. फळीला नाव हवे म्हणून त्यांनी ‘वर्ल्ड म्युझिक’ ठरवले. हेतू चांगला होता. त्यामुळे अनेक कलावंत विकले गेले, ऐकले गेले. पण या नावाचा अर्थ इतकाच होता, की आमच्या ठरलेल्या फळ्यांवर न बसणारे सारे काही. आपल्या सरकारी तक्त्यांत शेवटी ‘इतर’ असा रकाना असतो, तसा.

ग्रॅमीने हा रकाना उचलला. पहिलाच पुरस्कार मिळाला मिकी हार्ट यांच्या ‘प्लॅनेट ड्रम’ला, ज्यात झाकीर हुसेन आणि विनायकराम दोघेही आहेत. पुढे २००४मध्ये या रकान्याचे पारंपरिक आणि समकालीन असे दोन भाग झाले, २०१२मध्ये ते पुन्हा जोडले गेले, आणि २०२०च्या अखेरीस ‘वर्ल्ड’ या शब्दाला वसाहतवादाचा वास येतो म्हणून ‘ग्लोबल’ हा शब्द आला. पाटी बदलली, रकाना तोच राहिला. २०२४ला ‘शक्ती’चे प्रतिस्पर्धी कोण होते? नायजेरियाचे पॉप गायक बर्ना बॉय आणि डेव्हिडो, पेरूच्या ज्येष्ठ गायिका सुसाना बाका, आणि न्यूयॉर्कमधला ‘बोकांते’ हा बहुदेशीय वाद्यवृंद. या पाचांची तुलना कोणत्या निकषावर करायची? सभासदांना दोष देण्यात अर्थ नाही. मलाही ती करता येणार नाही. त्याच वर्षी आफ्रिकी संगीतासाठी स्वतंत्र विभाग सुरू झाला. ज्या संगीताची बाजारपेठ मोठी होते ते ‘इतर’मधून बाहेर पडते, एवढाच त्यातला बोध.

या रकान्याने दार उघडले तसे एक दार बंदही केले, असे माझे म्हणणे आहे. १९६८ला सतार अभिजात विभागात जाऊ शकली. १९९२नंतर भारतीय रागसंगीतासाठी ‘आपली’ जागा ठरून गेली.

४

या संगीताला अधिक नेमके नाव आपल्याकडे आहे. डॉ. अशोक दा. रानडे यांनी भारतीय संगीताचे आदिम, लोक, भक्ती, कला, जन आणि संगम असे कोटिक्रम मांडले. भिन्न परंपरा एकत्र येऊन जे घडते त्याला त्यांनी स्वतंत्र कोटी दिली. ग्रॅमीचा रकाना संगीत कोठून आले ते सांगतो. रानड्यांची कोटी त्या संगीतात काय घडते आहे ते विचारते. मला समीक्षेसाठी दुसरा प्रश्न उपयोगी वाटतो.

संगमाची माझी कसोटी साधी आहे : एकत्र येताना कोण किती हलले?

१९९४च्या विजेत्या ‘अ मीटिंग बाय द रिव्हर’कडे या नजरेने पाहा. विश्वमोहन भट्ट आणि राय कूडर यांची ओळख ध्वनिमुद्रणाच्या जेमतेम आधीची, तालीम जवळपास नाही. तरी ही ध्वनिमुद्रिका आज तीस वर्षांनंतरही ताजी वाटते, कारण दोघांच्या हातात मुळात एकच क्रिया आहे. कूडर यांची बॉटलनेक गिटार आणि भट्टांची मोहनवीणा, दोन्ही तारेवरून घसरत जाणारी. ब्लूजचा आक्रोश आणि रागातली मींड यांना तिथे सामाईक जमीन सापडते. भट्टांनी गिटारला तरफा चढवून ती आधीच रागाकडे आणलेली होती. कूडर यांना विस्ताराची घाई नाही, ते थांबून ऐकतात. चार रचनांपैकी शेवटची चाल फिजीतल्या निरोपगीताची आहे. म्हणजे दोघेही आपले घर सोडून तिसऱ्याच्या अंगणात भेटले.

जुन्या ‘शक्ती’तही हे हलणे होते. मॅक्लॉफ्लिन यांनी तरफा असलेली आणि पडद्यांमधली पट्टी खोलगट कोरलेली गिटार बनवून घेतली, ती स्वर ओढता यावा म्हणून. हिंदुस्तानी तबला आणि कर्नाटक घटम यांनाही एकमेकांचे हिशेब शिकावे लागले. १९७५च्या त्या कार्यक्रमात वेगाचा थोडा मोह आहे, पण प्रत्येक जण दुसऱ्याच्या पुढच्या श्वासावर कान ठेवून आहे. त्या तुलनेत ‘धिस मोमेंट’ मला सुबक वाटते. महासाथीच्या काळात सदस्यांनी आपापल्या ठिकाणी वाजवून ते जोडले. शंकर महादेवनांचा आवाज लखलखीत आहे, गणेश राजगोपालन यांचे व्हायोलिन समंजस आहे, सेल्वागणेश यांचा कंजिरा काटेकोर आहे. पण समेवर येताना जी सामूहिक धाकधूक असावी ती कमी जाणवते. सगळ्यांना सम आधीच माहीत आहे. माझ्या लेखी हा पुरस्कार १९७६च्या धाडसाला दिलेली थकबाकी आहे, आणि ती मिळाली याचा आनंदच आहे.

त्याच दिवशीची ‘ॲज वी स्पीक’ मला अधिक भिडते. बेला फ्लेक यांच्या बँजोचा स्वर उमटताच विझतो. राकेश चौरसियांच्या बासरीचा श्वास लांब. या दोन टोकांमध्ये एडगर मेयर यांचा गजाने वाजणारा डबल बास पूल बांधतो आणि झाकीरभाईंचा तबला त्या पुलाखालचे पाणी खेळते ठेवतो. येथे बँजोची तुटक चाल तबल्याच्या बोलांशी गप्पा मारू लागते, आणि बासरी रागाचा हट्ट थोडा सैल सोडते. हे हलणे ऐकू येते. ध्वनिमुद्रिकेला पुरस्कार मिळाला तो समकालीन वाद्यसंगीताच्या विभागात. ‘इतर’च्या बाहेर मिळालेला हा मान मला त्या दिवसातला सर्वांत अर्थपूर्ण वाटतो.

५

अपवाद नोंदवलेच पाहिजेत. २००२ला रविशंकरांच्या ‘फुल सर्कल’ला आणि त्यांच्या निधनानंतर २०१३ला ‘द लिव्हिंग रूम सेशन्स’ला जो पुरस्कार मिळाला, तो निखळ रागवादनाला. परंतु या दोन्हींमागे १९६८पासूनची ओळख उभी होती. अली अकबर खाँसाहेबांना अनेकदा नामांकन मिळूनही पुरस्कार मिळाला नाही. १९९०च्या दशकातल्या ‘लेगसी’त जुन्या बंदिशींसाठी खाँसाहेब आणि आशा भोसले एकत्र आले होते, तेही नामांकनावरच थांबले. ए. आर. रहमान आणि गुलजार यांचा २०१०चा मान चित्रपटगीताचा, रिकी केज आणि चंद्रिका टंडन यांचे बहुतेक पुरस्कार न्यू एज विभागातले. त्यांची समीक्षा त्या त्या जागी व्हावी.

आणि ख्याल? या यादीत तो नाहीच. १५ डिसेंबर २०२४ला झाकीर हुसेन गेले, तेव्हा प्रत्येक मृत्युलेखात ग्रॅमींची संख्या होती. त्यांतला एकही पुरस्कार स्वतंत्र तबलावादनाला मिळालेला नव्हता. लेहऱ्यावर तासभर पेशकार आणि कायदा उलगडणारे, अल्लारखांकडून आलेली पंजाब घराण्याची विद्या मांडणारे झाकीर हुसेन त्या यादीला माहीतच नाहीत.

ही ग्रॅमीविरुद्धची फिर्याद नव्हे. अमेरिकन व्यवसायाने आपल्या घराण्यांचा निवाडा करावा अशी अपेक्षाच चुकीची आहे. त्यांनी जे ऐकले आणि गौरवले ते संगम-संगीत होते, आणि त्यातले काही फार चांगले आहे. अडचण मथळ्यात आहे. संगमाला मिळालेला मान आपण कलासंगीताच्या खात्यावर जमा करतो आणि मग त्या खात्याची चौकशी करणे सोडून देतो.

मराठीत हे काम एकेकाळी होत होते. केशवराव भोळे यांनी गवयांवर लिहिले ते कान देऊन. वामनराव देशपांडे यांनी ‘घरंदाज गायकी’त स्वर आणि लय यांच्या प्रमाणावरून घराणी तपासली. आज ख्यालाच्या, ठुमरीच्या, स्वतंत्र तबल्याच्या ध्वनिमुद्रणांची रीघ लागलेली असते आणि त्यांतले काय टिकेल हे सांगणारा मजकूर शोधावा लागतो. पुढच्या फेब्रुवारीत एखादे भारतीय नाव पुकारले गेले तर जरूर पेढे वाटू. सोबत ती ध्वनिमुद्रिका पूर्ण ऐकू, कोण किती हलले ते तपासू, आणि त्याच वर्षी आपल्या एखाद्या गायिकेने तानपुऱ्यावर गायलेला विलंबित ख्याल कसा होता हेही लिहून ठेवू. त्यासाठी कोणत्याही विभागाची वाट पाहावी लागत नाही.