वरून पडलेलं मांजर आणि दवाखान्याचं दार

'मांजर जितक्या जास्त उंचावरून पडेल, तितकं ते वाचण्याची शक्यता जास्त.' हे वाक्य तुम्ही एखाद्या व्हिडिओत किंवा ग्रुपवर आलेल्या मेसेजमध्ये नक्की वाचलं असेल. गंमत म्हणजे ही नुसती थाप नाही, त्यामागे एक खराखुरा पेपर आहे. संशोधनाची तयारी करताना पेपर कसा वाचायचा हे शिकायला तो फार उपयोगी आहे, म्हणून आज तोच घेऊ.

व्हिटनी आणि मेहलाफ या दोन पशुवैद्यांनी १९८७ मध्ये अमेरिकन पशुवैद्यक संघटनेच्या जर्नलमध्ये तो छापला. न्यूयॉर्कच्या एका मोठ्या प्राणी-रुग्णालयात ५ महिन्यांत इमारतीवरून पडलेली १३२ मांजरं आली, त्यांच्या नोंदी त्यांनी तपासल्या. ९० टक्के मांजरांच्या छातीला काही ना काही मार होता. ३९ टक्क्यांचे पाय मोडले होते. ३७ टक्क्यांना जीव वाचवण्यासाठी तातडीचे उपचार लागले. तरीही उपचार केलेल्यांपैकी ९० टक्के वाचली.

पण गाजली ती वेगळीच गोष्ट. सात मजल्यांपर्यंत उंचीबरोबर इजा वाढत जातात आणि त्याच्या वर त्या कमी होतात, असं त्यांना दिसलं. सात मजल्यांच्या वरून पडलेली २२ मांजरं होती, त्यातलं एकच मेलं. कारण असं सुचवलं गेलं: ठरावीक अंतर पडल्यावर मांजराचा वेग ताशी सुमारे १०० किलोमीटरवर स्थिरावतो. वेग वाढायचा थांबला की मांजर अंग सैल सोडतं, पाय पसरतं आणि मार सगळ्या अंगावर विभागला जातो.

वाचायला छान वाटतं ना? आता जरा थांबा आणि स्वतःला विचारा: या १३२ मध्ये कोण नाही?

समजा एक मांजर विसाव्या मजल्यावरून पडून जागीच मेलं. मालक ते दवाखान्यात नेईल का? सहसा नाही. म्हणजे उंचावरून पडलेल्यांपैकी सगळ्यात वाईट केसेस नोंदीतच येत नाहीत. एवढा आक्षेप अनेकांनी घेतला आहे. पण दुसरं टोकही बघा. दुसऱ्या मजल्यावरून पडलेलं मांजर अंग झटकून घरात परत आलं, तर त्यालाही कोणी दवाखान्यात नेत नाही. म्हणजे खालच्या मजल्यांच्या गटात धडधाकट मांजरं गाळली जातात आणि वरच्या गटात मेलेली. दोन्ही गाळण्या एकाच दिशेने ढकलतात: खालचा गट आहे त्याहून वाईट दिसतो, वरचा आहे त्याहून बरा.

दुसरा मुद्दा छेदाचा. ९० टक्के हे प्रमाण उपचार केलेल्यांचं आहे. १७ मांजरांना मालकांनी दयामरण दिलं, बहुतेकदा खर्च परवडत नव्हता म्हणून. ती या हिशोबात नाहीत. पेपरमध्ये टक्के दिसले की आधी 'कशाचे टक्के?' हे शोधायची सवय लावून घ्या.

तिसरा मुद्दा: अंग सैल सोडणं कोणी मोजलेलं नाही. आकडे दिसले आणि त्यांना शोभेल असं कारण नंतर जोडलं. कारण चुकीचंच आहे असं मी म्हणत नाही. ते गृहीतक आहे, निष्कर्ष नाही, एवढंच.

मग झाग्रेबचा २००४ चा अभ्यास बघा. ४ वर्षांत ११९ मांजरं. तिथे सातव्या किंवा त्यावरच्या मजल्यावरून पडलेल्यांना जास्त गंभीर इजा आणि छातीला जास्त मार आढळला, म्हणजे बरोबर उलटं. मग पहिला पेपर खोटा ठरला का? घाई नको. झाग्रेबची मांजरंही दवाखान्याच्या दारातूनच आलेली, तोच दोष इथेही आहे. तिथे छातीला मार फक्त ३३.६ टक्क्यांना होता, न्यूयॉर्कमध्ये ९० टक्के! शिवाय 'सातवा मजला' म्हणजे किती उंची? अमेरिकेत तळमजल्यालाच पहिला मजला म्हणतात, युरोपात बहुतेक ठिकाणी आपल्यासारखी मोजणी तळमजल्याच्या वरून सुरू होते. एकक तपासल्याशिवाय दोन पेपर शेजारी ठेवू नका.

मूळ लेखकांवर मात्र राग धरू नका. मांजरं मुद्दाम खाली टाकून प्रयोग करता येत नाही, करूही नये. दवाखान्याच्या नोंदी हाच मार्ग होता. आणि त्या नोंदींमधून एक गोष्ट भक्कमपणे कळते: दारात आलेल्या जखमी मांजरात काय काय शोधायचं. फुप्फुसाला मार, फुप्फुसाबाहेर छातीत साचलेली हवा, फुटलेली टाळू. हे सगळं बाहेरून दिसेलच असं नाही. पेपरचं खरं काम हेच होतं. 'कोणत्या मजल्यावरून पडणं बरं' हा प्रश्न त्या डेटाच्या आवाक्यातला नव्हता.

आणि याची किंमत कोण मोजतं? 'मांजराला काही होत नसतं' म्हणून बाल्कनीला जाळी न लावणाऱ्या घरातलं मांजर. पडलेलं मांजर चालताना दिसलं तरी ते त्याच दिवशी, लगेच डॉक्टरांना दाखवा. तोंड उघडं टाकून किंवा धापा टाकत श्वास घेत असेल तर एक मिनिटही थांबू नका.

आता गृहपाठ. तुमच्या सिनॉप्सिससाठी काढलेल्या पेपरांपैकी कोणताही एक घ्या आणि वहीत दोन ओळी लिहा: या सॅम्पलमध्ये येण्यासाठी आधी काय घडावं लागलं? आणि ते ज्यांच्या बाबतीत घडलं नाही, ते कोण? गाइडला हे दोन प्रश्न तुम्ही आपणहून विचारलेत, तर ते व्हायवात तुम्हाला विचारले जायची भीती उरणार नाही.