संयुक्त राष्ट्रसंघाची सनद : शब्द आणि अधिकार

संयुक्त राष्ट्रसंघाच्या रचनेचा परिचय करून देताना सहा प्रमुख अंगांचा तक्ता मांडण्याची पद्धत रूढ आहे : आमसभा, सुरक्षा परिषद, आर्थिक व सामाजिक परिषद, विश्वस्त परिषद, आंतरराष्ट्रीय न्यायालय आणि सचिवालय. हा तक्ता चुकीचा नाही. सनदेचे सातवे कलमच तो पुरविते. परंतु त्यावरून सहा अंगे एका पायरीवर उभी आहेत असा ग्रह होतो आणि अधिकार नेमका कोठे वसतो हे कळत नाही. विश्वस्त परिषदेचे काम तर १९९४ मध्ये पालाऊ स्वतंत्र झाल्यावर थांबलेच आहे; तक्त्यात मात्र तिचा चौकोन इतरांएवढाच मोठा असतो. उलट, ज्या एका शब्दाभोवती संघाविषयीची बहुतेक चर्चा फिरते तो ‘नकाराधिकार’ हा शब्द सनदेच्या १११ कलमांत कोठेही नाही. म्हणून सनद हा प्रथम एक भाषिक पाठ आहे असे समजून तिचे परीक्षण करणे अवश्य ठरते. तिच्यातील अधिकार नामांत नसून क्रियापदांत आहे.

आरंभीच्या प्रास्ताविकापासूनच याची खूण पटते. ‘आम्ही, संयुक्त राष्ट्रांतील लोक’ असा कर्ता घेऊन वाक्य सुरू होते. युद्धाच्या आपत्तीतून भावी पिढ्यांना वाचविण्याचा निर्धार हे लोकच करतात. पण करार करण्याची वेळ येताच कर्ता बदलतो. ‘तदनुसार आमची आपापली सरकारे’ सॅन फ्रान्सिस्को येथे जमलेल्या प्रतिनिधींमार्फत सनद मान्य करतात आणि संघाची स्थापना करतात. निर्धार लोकांचा आणि स्वाक्षरी सरकारांची अशी ही वाटणी आहे. प्रास्ताविकाचा मूळ मसुदा दक्षिण आफ्रिकेच्या फील्ड मार्शल स्मट्स यांचा होता. मूलभूत मानवी हक्कांवरील श्रद्धेची ग्वाही देणाऱ्या या मसुद्याच्या कर्त्याच्याच देशाविरुद्ध, तेथील हिंदी लोकांना मिळणाऱ्या वागणुकीबद्दल, भारताने १९४६ मध्ये आमसभेत तक्रार नेली आणि विजयालक्ष्मी पंडित यांनी ती मांडली. ‘आमची आपापली सरकारे’ या शब्दांत त्या हिंदी लोकांचे सरकार कोणते, हा प्रश्न प्रास्ताविकाने सोडविलेला नव्हता. मराठीत ‘चार्टर’साठी ‘सनद’ हा शब्द स्थिर झाला आहे. सनद ही धन्याने सेवकाला द्यावयाची वस्तू. येथे देणारा कोण आणि घेणारा कोण हे पहिल्या वाक्यातच अस्पष्ट असल्याने तो शब्द वाटतो तितका विसंगत नाही.

पुढील कलमांतील क्रियापदे एकत्र ठेवून पाहावीत. आमसभा ‘चर्चा करू शकेल’, ‘विचार करू शकेल’, ‘शिफारस करू शकेल’ अशी दहाव्यापासून चौदाव्या कलमापर्यंतची भाषा आहे. सुरक्षा परिषद मात्र ‘निर्णय’ करते, आणि ते निर्णय स्वीकारून अमलात आणण्याचे सर्व सदस्य पंचविसाव्या कलमाने मान्य करतात. आमसभेच्या वाट्याला एक ठसठशीत अपवाद आला आहे तो पैशाचा. सतराव्या कलमानुसार अंदाजपत्रक मंजूर करणे व खर्चाची वाटणी ठरविणे तिच्याकडे आहे आणि तो खर्च सदस्यांनी ‘सोसावयाचा आहे’. तेथे शिफारशीची भाषा नाही. चोविसाव्या कलमात शांतता राखण्याची जबाबदारी सुरक्षा परिषदेकडे दिली आहे. तिचे ‘प्रायमरी’ हे विशेषण मराठीत ‘प्राथमिक’ या शब्दाने दाखविल्यास वाचकाला प्राथमिक शाळेची आठवण व्हावयाची. अभिप्रेत अर्थ ‘मुख्य’ असा आहे.

येथवर सर्व सरळ आहे. शिफारस म्हणजे सल्ला आणि निर्णय म्हणजे आज्ञा, असे समीकरण विद्यार्थी मांडतो. परंतु चौथे कलम उघडताच ते मोडते. नव्या राष्ट्राला सदस्यत्व देण्याचा ‘निर्णय’ आमसभेचा, तोही सुरक्षा परिषदेच्या ‘शिफारशीवरून’. सत्त्याण्णवाव्या कलमात महासचिवाची नेमणूक आमसभा करते, तीही परिषदेच्या ‘शिफारशीवरून’. समीकरण खरे असते तर आमसभेने परिषदेचा सल्ला ऐकावा आणि मनास येईल तसे करावे. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. आमसभेची शिफारस सदस्य बाजूस सारू शकतात, पण परिषदेची शिफारस नसेल तर आमसभेचे दारच बंद राहते. एकच नाम, परंतु उच्चारणाऱ्याप्रमाणे त्याचे वजन पालटते. सनदेत या दोन अर्थांना दोन शब्द योजलेले नाहीत ही तिच्या मसुद्यातील सर्वांत परिणामकारक गोष्ट होय.

या शब्दाची कसोटी १९५० साली दोनदा लागली. परिषदेत स्थायी सदस्यांच्या विरोधामुळे अनेक राष्ट्रांचे अर्ज अडकले होते. परिषदेची शिफारस नसतानाही आमसभा प्रवेश देऊ शकते काय, असा प्रश्न आंतरराष्ट्रीय न्यायालयाकडे गेला. शब्दांचा त्यांच्या संदर्भातील स्वाभाविक व सामान्य अर्थ घ्यावा आणि तो अर्थ लागत असेल तर तेथेच थांबावे, अशी भूमिका घेऊन न्यायालयाने मार्चमध्ये नकारार्थी मत दिले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये महासचिव त्रिग्वे ली यांची मुदत संपत असताना सोव्हिएत विरोधामुळे परिषदेची शिफारस होईना. तेव्हा आमसभेने त्यांची ‘नेमणूक’ केली नाही. ते आणखी तीन वर्षे पदावर ‘चालू राहतील’ असे ठरविले. क्रियापद बदलताच सत्त्याण्णवाव्या कलमाची अट ओलांडली गेली. हा ठराव आमसभेच्या भाषिक कौशल्याचा उत्तम नमुना आहे. त्याला घटनात्मक सचोटीचा नमुना मात्र म्हणवत नाही.

आता सत्ताविसाव्या कलमाकडे वळावे. सनदेच्या एकशे अकराव्या कलमानुसार चिनी, फ्रेंच, रशियन, इंग्रजी व स्पॅनिश हे पाचही पाठ सारखेच अधिकृत आहेत. (अरबी १९७३ मध्ये आमसभेची अधिकृत भाषा झाली, या कलमात तिला स्थान नाही.) पाठभेदाचे उदाहरण म्हणून सहसा १९६७ चा ठराव २४२ दिला जातो, सनदेच्या गाभ्यातील पाठभेदाकडे मात्र कमी लक्ष गेले आहे. सत्ताविसाव्या कलमाच्या तिसऱ्या परिच्छेदाचा इंग्रजी पाठ असा की, कार्यपद्धतीखेरीज इतर बाबींवरील निर्णयास नऊ सदस्यांची होकारार्थी मते लागतील, आणि त्यांत ‘स्थायी सदस्यांची सहमतीची मते’ समाविष्ट असतील. फ्रेंच पाठात ‘सर्व स्थायी सदस्यांची मते’ आहे. रशियन पाठात ‘व्सेख’, म्हणजे ‘सर्व’, हा शब्द आहे. चिनी पाठातही समस्ततावाचक शब्द आहे. स्पॅनिश पाठ तर ‘सर्व स्थायी सदस्यांची होकारार्थी मते’ असे म्हणून संशयाला जागाच ठेवीत नाही. ‘सर्व’ हा शब्द फक्त इंग्रजीत नाही. तो इंग्रजी मसुदाकारांच्या ध्यानातून सुटला असेही म्हणता येत नाही, कारण दुरुस्तीविषयीच्या एकशे आठव्या कलमात त्याच स्थायी सदस्यांपूर्वी ‘ऑल’ हा शब्द इंग्रजीतही घातलेला आहे. शिवाय मतदानापासून दूर राहण्याची कल्पना याच परिच्छेदात नावानिशी आली आहे : सहाव्या प्रकरणाखालील निर्णयांत तंट्यातील पक्षाने मतदान करू नये असे तेथे सांगितले आहे. हे बंधन प्रत्यक्षात फारसे पाळले गेले नाही, ही गोष्ट वेगळी. ज्यांच्यापाशी तटस्थतेला शब्द होता त्यांनी स्थायी सदस्याच्या स्वेच्छेच्या तटस्थतेला मुभा दिल्याचे शब्दांवरून दिसत नाही.

व्यवहार मात्र पहिल्याच वर्षी निराळ्या वाटेने गेला. एप्रिल १९४६ मध्ये स्पेनच्या प्रश्नावर सोव्हिएत संघ तटस्थ राहिला आणि ठराव संमत मानला गेला. १९५० मध्ये कोरियाविषयीचे ठराव सोव्हिएत प्रतिनिधी गैरहजर असताना झाले. त्यांच्या वैधतेवर मॉस्कोने आक्षेप घेतला, पण तो टिकला नाही. तटस्थता म्हणजे विरोध नव्हे, ही रूढी अशा रीतीने पक्की झाली.

सनद दुरुस्त झाली तेव्हा या रूढीचा परिणाम दूरवर पोहोचला. १९६३ मध्ये आमसभेने स्वीकारलेली आणि १९६५ मध्ये अमलात आलेली दुरुस्ती परिषदेची सदस्यसंख्या ११ वरून १५ वर आणि आवश्यक मते ७ वरून ९ वर नेते. ‘सहमतीची मते’ हे शब्द तिने जसेच्या तसे ठेवले. पूर्वी अस्थायी सदस्य सहाच असल्याने किमान एका स्थायी सदस्याच्या होकाराविना सात मते भरणे अशक्य होते. आता दहा अस्थायी सदस्य एकत्र आले तर पाचांपैकी कोणाचाही होकार लागत नाही. हा केवळ तर्क नव्हे. डिसेंबर १९७३ मध्ये पश्चिम आशियाविषयीच्या जिनीव्हा परिषदेसंबंधीचा ठराव ३४४ असाच संमत झाला : चार स्थायी सदस्य तटस्थ, चीन मतदानात सहभागी नाही, आणि बाजूने मते दहा, त्यांत भारताचेही. पाचही पाठांपैकी कोणत्याही पाठाचे कोणतेही व्याकरण लावले तरी शून्य मते ही ‘स्थायी सदस्यांची सहमतीची मते’ होत नाहीत.

न्यायालयाने या रूढीला १९७१ मध्ये मान्यता दिली. प्रश्न नामिबियाचा होता. १९७० मध्ये परिषदेने तो न्यायालयाकडे पाठविला, त्या ठरावावर सोव्हिएत संघ व ब्रिटन तटस्थ राहिले होते. म्हणून ठरावच अवैध, असा युक्तिवाद दक्षिण आफ्रिकेने केला. परिषदेचा दीर्घकाळचा एकसारखा व्यवहार सदस्यांनी सामान्यतः स्वीकारला आहे, असे म्हणून न्यायालयाने तो फेटाळला.

ही दोन मते शेजारी ठेवली असता अभ्यासकाला अडचण पडते. १९५० मध्ये शब्द निर्णायक, १९७१ मध्ये व्यवहार निर्णायक. शब्द ताणून आमसभेला अधिकार मिळत होता तेव्हा शब्द ताठ राहिले. परिषदेच्या सोयीसाठी ते लवचीक झाले, असा आरोप करण्याचा मोह होतो. परंतु तो पुरता टिकत नाही. १९६२ मध्ये शांतिसेनेच्या खर्चाच्या प्रकरणात न्यायालयाने ‘मुख्य’ जबाबदारी म्हणजे ‘एकमेव’ जबाबदारी नव्हे असे सांगून आमसभेला जागा करून दिली होती; ‘शांतिसेना’ हा शब्दही सनदेत नाही. आणि १९७१ मध्ये अक्षरशः वाचनाचा आग्रह धरणारा पक्ष कोणता होता हे विसरता येत नाही. ‘सर्व’ या शब्दाचा कैवार तेव्हा नामिबियावरील ताबा टिकविण्यासाठी घेतला जात होता. भाषाशास्त्राच्या दृष्टीने दक्षिण आफ्रिकेचे वाचन अधिक बरोबर होते. त्यामुळे तिची बाजू न्याय्य ठरत नाही. अर्थनिर्णयातील अचूकपणा आणि न्याय या दोन गोष्टी एकच मानणाऱ्या समीक्षकाला येथे थांबून विचार करावा लागेल.

व्यवहाराने विरोधी मत मात्र कधीच सैल केले नाही. २५ फेब्रुवारी २०२२ रोजी युक्रेनविषयीचा ठराव रशियाच्या एका मताने पडला. भारत, चीन व संयुक्त अरब अमिराती तटस्थ होते. दोन दिवसांनी आमसभेचे तातडीचे विशेष अधिवेशन बोलाविण्याचा ठराव आला, तेव्हा रशियाचे विरोधी मत निष्प्रभ ठरले, कारण ती कार्यपद्धतीची बाब होती. त्याच वर्षी २६ एप्रिलला, परिषदेत नकाराधिकार वापरला गेल्यास आमसभेने दहा कामकाजाच्या दिवसांत चर्चा करावी, असे आमसभेने ठरविले. सनदेने टाळलेला ‘व्हीटो’ हा शब्द या ठरावाच्या शीर्षकातच आहे. क्रियापद पाहिले तर मात्र आमसभेला पुन्हा ‘चर्चा’च मिळाली.

मराठी अनुवादकाने सत्ताविसाव्या कलमात काय लिहावे, हा प्रश्न उरतो. केवळ इंग्रजीवरून भाषांतर केल्यास ‘सर्व’ गळतो आणि व्यवहाराशी मेळ आपोआप बसल्याचा भास होतो. पाच पाठ समान अधिकृत असताना चारांत असलेला शब्द गाळणे योग्य नव्हे. तो ठेवावा, आणि व्यवहार त्याहून वेगळा असल्याचे तळटीपेत सांगावे. चौथ्या व दहाव्या कलमांत मात्र ‘शिफारस’ हा एकच शब्द दोन्हीकडे राखावा. चौथ्या कलमात ‘पूर्वसंमती’सारखा सोयीचा प्रतिशब्द घालून अर्थ उलगडून देणारा अनुवादक मसुदाकारांनी जे झाकून ठेवले तेच वाचकापासून हिरावून घेतो.