मूळ, अर्थ व टीप : ग्रंथांतील अक्षरांच्या आकाराचें तारतम्य

दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकांतील पहिला समास लेखनक्रियेविषयीं आहे. परमार्थाच्या ग्रंथांत शाई, लेखणी आणि कागद यांचा विचार कशाला, अशी शंका कित्येक वाचक घेतात. आमच्या मतें ग्रंथ छापण्याचा धंदा करणारानें हा समास आपल्या कचेरींत डोळ्यांसमोर लावून ठेवावा. आजच्या जालना जिल्ह्यांत (हा जिल्हा १९८१ सालीं अस्तित्वांत आला) घनसावंगी तालुक्यांतील जांब या गांवीं १६०८ सालीं जन्मलेल्या समर्थांनीं त्यांत जे नियम सांगितले आहेत, त्यांतील बहुतेक नियम आजच्या छापील पानासही लागू पडतात. आणि ज्या एका नियमाची आज सर्वांत अधिक पायमल्ली होते, तो अक्षराच्या आकाराचा आहे.

समर्थांचें म्हणणें थोडक्यांत असें : ओळींचें अंतर कोठें जवळ, कोठें दूर होऊं नये, एका ओळीचा अवयव दुसऱ्या ओळीस भिडूं नये, पहिल्या अक्षरापासून ग्रंथ संपेपर्यंत सर्व एकाच टांकानें लिहिल्यासारखें दिसावें, भोंवतीं कोरी जागा सोडावी, म्हणजे कागदाची कड झडली तरी अक्षर शाबूत राहतें. आणि तारुण्यांत फार बारीक लिहिलेलें म्हातारपणीं कामास येत नाहीं, म्हणून मध्यम आकार धरावा. ग्रंथ लिहिणाराचे डोळे आणि पुढें तो वाचणाराचे डोळे एक नसतात, हें इतक्या व्यवहारी शब्दांत सांगणारा दुसरा ग्रंथकार आम्हांस आठवत नाहीं.

हस्तलिखितांत बहुधा एकाच आकारानें काम भागे. छापील सार्थ प्रतींत मात्र तीन पायऱ्या येतात : मूळ ओवी, तिचा अर्थ आणि पायथ्याची टीप. शंकर श्रीकृष्ण देव यांनीं कल्याणस्वामींच्या डोमगांवच्या प्रतीवरून १९०५ सालीं दासबोध छापून प्रसिद्ध केला, तेव्हांपासून या ग्रंथाच्या लहानमोठ्या अनेक आवृत्त्या निघाल्या आहेत. त्यांतील सार्थ आवृत्ति चाळतांना आमचें लक्ष प्रथम या तीन आकारांच्या परस्पर नात्याकडे जातें. इंग्रजी मुद्रकाजवळ पदभेद दाखविण्यास मोठीं अक्षरें आहेत, तिरपीं अक्षरें आहेत. बाळबोध लिपींत मोठें अक्षर आणि लहान अक्षर असा भेदच नाहीं, आणि तिरप्या अक्षराची तिला सवय नाहीं. त्यामुळें कोणता शब्द समर्थांचा व कोणता टीकाकाराचा, हें सांगण्याचा बराच भार आकारावर पडतो. मूळ बारा पॉइंटांत व अर्थ अकरांत घातला, तर वाचकास तो भेद न वाटतां जुळाऱ्याची चूक वाटते. उलट मूळ अठरा व अर्थ नऊ केला, तर अर्थ हा जणूं लाजून कोपऱ्यांत उभा राहतो.

शिशाच्या खिळ्यांच्या काळीं हा प्रश्न अर्धा आपोआप सुटे. जावजी दादाजी यांनीं १८६९ मध्यें निर्णयसागर छापखाना काढला. तेथील खिळ्यांची कीर्ति मोठी. परंतु कोणत्याही छापखान्यांत खिळ्यांच्या पेट्या मोजक्याच असत : ग्रेट प्रायमर, पायका, लाँग प्रायमर, म्हणजे सुमारें अठरा, बारा व दहा पॉइंट. साडेसात पॉइंटांची टीप हवी म्हटलें तरी ती मिळत नसे.

संगणकानें हें बंधन काढून टाकलें. डोनाल्ड क्नूथ यांच्या टेक् या रचनापद्धतींत (१९७८) आकाराची एक पायरी म्हणजे एक पूर्णांक दोन दशांशपट. दहावरून बारा, बारावरून चौदा पूर्णांक चार, याप्रमाणें. मुख्य मजकुराचा आकार बदलला कीं शीर्षक व टीप त्याच्या मागोमाग बदलतात. ही कल्पना उत्तम आहे. आकार हा एकटा कधींच लहान किंवा मोठा नसतो, शेजारच्या मानानें असतो. पण तिच्यावरच उभारलेल्या लाटेक् पद्धतीच्या कर्त्यानें, लेस्ली लॅम्पोर्ट यांनीं, येथें यांत्रिक गुणोत्तर पाळलेलें नाहीं, ही गोष्ट आमच्या रचनाकारांनीं लक्षांत घ्यावी. मजकूर दहा असतां टीप आठ. मजकूर बारा केला तर टीप नऊ पूर्णांक सहा न होतां दहा होते.

आमच्याकडे गुणोत्तर तेवढें उचललें गेलें. सांखळीनें घटणाऱ्या आकारांचा प्रकार तर विलक्षण आहे. अर्थ मूळाच्या ऐंशी टक्के, अर्थांतील टीप अर्थाच्या ऐंशी टक्के, टिपेंतील अवतरण टिपेच्या ऐंशी टक्के, असें एकांत एक बसवीत गेलें कीं बारा पॉइंटांच्या ओवीखालीं अवतरण सहाच्या आसपास येऊन ठेपतें. प्रत्येक पायरी स्वतंत्रपणें पाहिली तर निर्दोष दिसते. चूक कोणाचीच नसते आणि पान वाचवत नाहीं.

त्याहून वाईट म्हणजे गुटका. मोठी प्रत सबंध आंखडून खिशांत बसविली कीं अठरा, बारा व नऊ यांचे नऊ, सहा व साडेचार होतात. ओवी कशीबशी दिसते. ज्या कठीण शब्दासाठीं टीप दिली, तो शब्द वाचकास टिपेवांचूनच सोडवावा लागतो. बाळबोध अक्षरास ही काटछाट रोमन अक्षरापेक्षां लवकर भोंवते. शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार व अनुस्वार. खालीं उकार व जोडाक्षराचा पाय. एवढा परिवार एकाच खिळ्याच्या उंचींत बसवावयाचा म्हणून मुख्य अक्षरास जागा थोडी उरते. आठ पॉइंटांची इंग्रजी टीप वाचणाऱ्या डोळ्यास आठ पॉइंटांची मराठी टीप बारीक वाटते तें यामुळें. अनुस्वार दिसेनासा झाला तर जुन्या मराठींत विभक्ति आणि वचन हीं दोन्हीं संशयांत पडतात.

म्हणून आमची सूचना अशी आहे कीं मान वरून खालीं न धरतां खालून वर धरावें. पारायणास बसणाऱ्या वृद्ध वाचकास चष्म्यासह टीप कोणत्या आकारांत वाचतां येते, हें प्रथम पाहावें. समजा तो आकार अकरा पॉइंट निघाला. मग अर्थ तेरा व मूळ सोळा किंवा सतरा करावें, आणि अवतरणास टिपेहून लहान आकार कधींही देऊं नये. त्यास अवतरणचिन्हें पुरेत. ओळींतील अंतरही त्याच मानानें वाढवावें, नाहींतर वरचा उकार खालच्या वेलांटींत अडकतो. दशक व समास यांच्या शीर्षकांस मात्र इतक्या पायऱ्यांची गरज नाहीं; वीस दशक व दोनशें समास असलेल्या ग्रंथांत शीर्षक वरचेवर येतें, आणि तें दर वेळीं ओरडूं लागलें तर कंटाळा येतो.

प्रकाशक म्हणतील कीं यानें पृष्ठें वाढतील. वाढतील खरीं, साडेसात हजारांहून अधिक ओव्यांचा ग्रंथ आहे. त्यास दोन भागांत बांधावा, किंवा गुटक्यांतून अर्थ व टीप काढून केवळ मूळ ओव्या मध्यम अक्षरांत द्याव्यात.